टीएसएच नॉर्मल असताना पण थकवा, केसगळती, पोटऱ्यांत गोळे. आणि आता अचानक टीएसएच कमी आला. डोस कमी करू का?

गोदाकाठ:
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज लिहायला बसले कारण काय करावं खरंच कळेनासं झालंय. वय ३९, नाशिक, शाळेत शिकवते, सकाळची शाळा. धाकट्याच्या बाळंतपणानंतर थायरॉईड (कमी पडण्याचा) निघाला तो राहिलाच, ६ वर्षं झाली. २५ मायक्रोग्रॅमच्या गोळीपासून सुरुवात केली, वाढत वाढत आता २ वर्षं ७५ वर आहे.

फेब्रुवारीत टीएसएच (थायरॉईड कमी पडला की वाढतो, जास्त झाला की उतरतो तो आकडा) ३.१ होता. डॉक्टर म्हणाले छान आहे, हीच गोळी चालू ठेवा. पण मला काही छान वाटत नव्हतं हो. चौथ्या तासाला फळ्यापाशी उभी असते तेव्हा पायात त्राण नसतं, घरी आले की आधी आडवी होते मग बाकीचं, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन जाग येते, केस विंचरले की फणीत पुंजका येतो आणि मोरीची जाळी दर दोन दिवसांनी साफ करावी लागते. मे महिन्यात घरातले सगळे पंखा फुल करून झोपायचे आणि मी गोधडीत. पोट साफ होत नाही ते वेगळंच. पण सगळ्यात जास्त मला घाबरवलं ते विसरण्याने, वर्गातल्या मुलाकडे बघत उभी असते आणि त्याचं नाव तोंडात येत नाही, वर्षभर शिकवलेलं मूल असतं ते.

गेल्या आठवड्यात परत पॅकेज करून घेतलं. टीएसएच ०.२८, फ्री टी४ म्हणजे रक्तातला थायरॉईडचा हार्मोन १.७९ (रेंज ०.८ ते १.८), हिमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही ८४, आरडीडब्ल्यू १७.२ (हे दोन रक्तपेशींच्या आकाराचे), बी१२ २१४ (रेंज २०० ते ९००), व्हिटॅमिन डी १४, शुगरचा एचबीए१सी ५.५. किडनी लिव्हर ठीक. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की गोळी जास्त होतेय, ५० करा. कागदावर तसंच दिसतंय, त्यांचं मी चूक म्हणत नाही. पण जास्त झालं की धडधड, घाम, हात थरथरणं, वजन उतरणं असं होतं ना? माझं वजन उलट ४ किलो वाढलंय, नाडी ६२ लागते. दोन वर्षं तीच गोळी, मग अचानक जास्त कशी झाली? ५० ची बाटली आणून ठेवलीय पण उघडायचा धीर होत नाहीये. घरचे म्हणतात तू फार विचार करतेस. कुणाला असा अनुभव आहे का?

चिंचगूळ:
ताई, विचार फार करताय वगैरे काही नाही. मी १६ वर्षं थायरॉईडवर आहे (पुणे, वय ५२) आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे" हे ऐकून दवाखान्याबाहेर रडलेली आहे, त्यामुळे तुमची गोधडी मला समजते.

तुमच्या ०.२८ चं मला काही सांगता येणार नाही, ते जाणकार कुणी सांगेल. मी एकच विचारते, गोळी नक्की कशी घेता? किती वाजता, त्यानंतर चहा किती वेळाने, अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत, बाटली कुठे ठेवता, सगळं लिहा. हे बारीक वाटतं पण माझी २ वर्षं यातच गेली. मी सकाळी ६ ला गोळी घ्यायचे आणि साडेसहाला दुधातलं नाचणीसत्व, आणि त्याच्यासोबतच कॅल्शियमची गोळी कारण हाडांच्या डॉक्टरांनी नाश्त्याबरोबर घ्या सांगितलं होतं. टीएसएच कधी ४, कधी ७, कधी ९. दर वेळी डोस वाढवायचे, ५० चे ८८ झाले. शेवटी एका फार्मासिस्ट मुलीने काउंटरवर विचारलं की मावशी या दोन गोळ्या एकत्र घेता का? कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत, ४ तासांचं अंतर पाहिजे. अंतर ठेवायला लागले आणि ८८ ची परत ६२.५ झाली. मला त्या मुलीचे आजही आभार मानावेसे वाटतात.

आणि हो, पाळी कशी आहे ते पण सांगा, लाजू नका. हिमोग्लोबिन १०.९ म्हणजे कुठून तरी गळती असू शकते.

रानवाटा:
मला पण अगदी हेच होतंय, टीएसएच २.४ आणि दिवसभर झोप. वाचतेय.

पंधरा_वर्षं_लॅबमधे:
मी पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोसबद्दल काही बोलणार नाही. पण तुमचे आकडे बघून एक प्रश्न लगेच आला. फेब्रुवारी आणि आता, या मधल्या काळात केसांसाठी किंवा नखांसाठी काही सुरू केलंय का? गोळ्या, गमीज, पावडर, काहीही? डबीवर बायोटिन किंवा बी७ लिहिलंय का बघा आणि किती ते सांगा. तोवर ती ५० ची बाटली तशीच बंद राहू दे, पण डॉक्टरांना फोन करून सांगा की थांबलेय म्हणून, न सांगता नको.

गोदाकाठ:
सगळ्यांना थँक्यू, इतक्या लवकर उत्तरं येतील वाटलं नव्हतं.

चिंचगूळ ताई, गोळी ५:४५ ला घेते, ६ ला चहा कारण ६:३५ ला रिक्षा येते. नाश्ता शाळेत साडेनऊला, तेव्हा कॅल्शियम घेते. सकाळी उठल्या उठल्या पॅनची गोळी पण घेते ॲसिडिटीसाठी, दीड वर्ष झालं असेल, थायरॉईडच्या बरोबरच गिळते. बाटली ओट्यावरच्या फडताळात, शेगडीच्या बाजूला. पाळी ७ दिवस, पहिले ३ दिवस दोन तासाला पॅड बदलावं लागतं, मला वाटायचं या वयात असंच असतं.

आणि लॅबवाले दादा, हो! जूनपासून केसांच्या कॅप्सूल घेतेय, नणंदेने आणून दिल्या, तिला फरक पडला म्हणाली. डबीवर बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. मी तर रक्त दिलं त्या दिवशी सकाळी पण घेतली होती. व्हिटॅमिनच आहे म्हणून कुणाला सांगितलंच नाही. याचा काय संबंध?

पंधरा_वर्षं_लॅबमधे:
खूप संबंध आहे, नीट सांगतो.

माणसाला दिवसाला बायोटिन लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम. तुमच्या कॅप्सूलमधे त्याच्या तीनशे पटीहून जास्त आहे. शरीराला त्याचा त्रास होत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं, पण आमच्या मशीनला होतो. टीएसएच मोजायच्या बऱ्याच पद्धतींत बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रोटीन यांची जोडी वापरलेली असते कारण ही दोघं एकमेकांना फार घट्ट चिकटतात. टीएसएच ला पकडणाऱ्या अँटीबॉडीवर आधीच बायोटिन लावलेलं असतं, ती स्ट्रेप्टॅव्हिडिनला चिकटते आणि जितकी चिकटेल तितका सिग्नल. आता तुमच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते जाऊन सगळ्या जागा अडवतं, अँटीबॉडी धुऊन जाते, मशीनला वाटतं टीएसएच फार कमी आहे. फ्री टी४ ची पद्धत उलटी असते, तिथे सिग्नल कमी म्हणजे हार्मोन जास्त असं वाचलं जातं. म्हणजे एकाच वेळी टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त, रिपोर्ट हुबेहूब डोस जास्त झाल्यासारखा दिसतो. कागद बघणाऱ्या डॉक्टरांना कळणार तरी कसं, त्यांना कॅप्सूलबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि टेस्टवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मधे आणि परत २०१९ मधे यावर इशारा काढला होता, कारण हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्ट पण यामुळे खोटी कमी येऊ शकते. सगळ्या मशीनवर असं होत नाही, काही कंपन्यांनी पद्धत बदलली आहे, म्हणून तुमच्या लॅबला सरळ फोन करून विचारा की तुमच्या टीएसएच टेस्टला बायोटिनचा अडथळा येतो का. विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अजून एक. अशा मशीनवर बी१२ आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त येऊ शकतं. म्हणजे तुमचं २१४ खरं तर त्याहून कमी असू शकेल. आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची टेस्ट) केलं असतं तर ते खोटं कमी आलं असतं. कॅप्सूल बंद करा, किमान २-३ दिवस तरी जाऊ देत, तुम्ही ५ दिवस थांबलात तर अजून चांगलं, आणि मग डॉक्टरांना विचारून परत द्या. त्याच लॅबमधे, साधारण त्याच वेळेला, कारण टीएसएच पहाटे जास्त असतो आणि दुपारी उतरतो, एकदा सकाळी ७ ला आणि एकदा दुपारी २ ला दिलंत तर तुलना करण्यात अर्थ राहत नाही. थायरॉईडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या, नाहीतर फ्री टी४ थोडा वर दिसतो.

आमच्याकडे रोज १०-१२ बायका थायरॉईडसाठी येतात. काय काय गोळ्या चालू आहेत विचारलं तर बीपीची, शुगरची सांगतात, केसांची कुणीच सांगत नाही. मी आता प्रत्येकीला मुद्दाम विचारतो.

सह्याद्रीपुत्र:
माझ्या मिसेसला पण थायरॉईड आहे, तिने गहू पूर्ण सोडला, सेलेनियम सुरू केलं आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या ऑनलाइन मागवल्या, आयोडीन असतं त्यात. थायरॉईड म्हणजे आयोडीनची कमी हे तर आपण शाळेत शिकलोय. ताईंनी ट्राय करून बघावं, गोळ्यांचा डोस वाढवत बसण्यापेक्षा मुळावर उपाय केलेला बरा.

पालमपूरहून:
सह्याद्रीपुत्र, तुमचा हेतू चांगला आहे पण शेवाळाच्या गोळ्या कृपा करून थांबवा. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन हिमाचलमधे कांगडा जिल्ह्यात आले आणि आयोडीनची गोष्ट या खोऱ्याइतकी भारतात दुसरीकडे कुठे कळणार नाही. इथल्या म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यावर अजून गलगंडाच्या गाठी दिसतात. १९५६ मधे डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खोऱ्यात काही भागात आयोडीन घातलेलं मीठ दिलं, काही भागात साधं, आणि काही वर्षांत आयोडीनवाल्या भागात गलगंड स्पष्ट कमी झाला. त्यावरूनच १९६२ मधे देशभराचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम निघाला. शाळेत आपण शिकलो ते या काळाचं.

पण आज ज्यांच्या घरात आयोडीनयुक्त मीठ आहे त्यांच्यात थायरॉईड कमी पडण्याचं मोठं कारण हाशिमोटो आहे, म्हणजे शरीरच आपल्या ग्रंथीवर हल्ला करतं. त्याला आयोडीन ओतून उपयोग तर नाहीच, शेवाळासारखं भरमसाट गेलं तर ग्रंथी अजून मंदावू शकते. मला स्वतःला हे आहे, म्हणून इतकं तळमळून लिहितेय.

आणि दुसरं टोक पण नको. आजकाल सगळे सैंधव मिठावर गेलेत, आरोग्याला चांगलं म्हणून. सैंधवात भरवशाचं आयोडीन नसतं. घरात गरोदर बाई असेल, लहान मूल असेल तर साधं आयोडीनचं मीठच वापरा, पोटातल्या बाळाच्या मेंदूला ते लागतं. डबा झाकून ठेवा, शेगडीपासून लांब, आणि स्वयंपाकात शेवटी घाला, उष्णतेने आणि दमटपणाने आयोडीन उडतं.

माणदेशी_डॉक्टरीण:
मी सातारा जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करते, १९ वर्षं झाली. इथे कुणावर उपचार करता येत नाहीत, पण ताईंनी त्यांच्या डॉक्टरांकडे काय विचारावं एवढं नक्की सांगू शकते.

लॅबवाल्या दादांचं बरोबर आहे, बायोटिनशिवाय टीएसएच आणि फ्री टी४ परत झाल्याशिवाय डोसला हात लावू नये असं मला वाटतं, आणि तुमच्या डॉक्टरांना हे सांगितलंत तर ते ऐकतील. डोस बदलला असं धरलं तरी पुढची टेस्ट ६ ते ८ आठवड्यांनीच, कारण या औषधाचा अर्धा भाग शरीरातून जायलाच आठवडा लागतो आणि टीएसएच त्याच्याही मागून सावकाश येतो. लोक १५ दिवसांत टेस्ट करून घाबरून येतात.

आता खरा मुद्दा तुमच्या रक्ताचा. हिमोग्लोबिन १०.९ आणि एमसीव्ही ८४, म्हणजे पेशींचा सरासरी आकार नॉर्मल, म्हणून रिपोर्टवर कुणी खूण केली नसेल. पण आरडीडब्ल्यू १७.२ बघा. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी१२ कमी असेल तर मोठ्या होतात, आणि दोन्ही कमी असेल तर लहान मोठ्या मिळून सरासरी नॉर्मल दिसते. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे ते, ते वाढलेलं आहे. तुमच्या बाबतीत मला दोन्हीचा संशय येतो. फेरिटिन करून घ्या, त्यात लोहाचा साठा कळतो, नुसतं सीरम आयर्न केलं तर ते दिवसभरात खालीवर होतं. रेंज लॅबनुसार १० किंवा १३ पासून सुरू होते, म्हणून १४ आलं की नॉर्मल छापून येतं, पण बहुतेक डॉक्टर ३० च्या खाली असलं की साठा रिकामा धरतात. ताप, इन्फेक्शन, सूज असताना मात्र फेरिटिन खोटं वाढतं, सर्दी तापात करू नका.

थायरॉईडचा आणि लोहाचा संबंध दोन्हीकडून आहे. ग्रंथीत हार्मोन बनवणारं जे एन्झाइम आहे, ज्याच्याविरुद्धची अँटीबॉडी आपण अँटी-टीपीओ म्हणून तपासतो, त्याला लोह लागतं. आणि थायरॉईड कमी असला की पाळीत जास्त जातं, म्हणजे लोह अजून कमी. केस जाणं, धाप लागणं, थंडी वाजणं, डोकं जड होणं ही लोहाची पण लक्षणं आहेत आणि थायरॉईडची पण, पेशंटला बाहेरून फरक कळूच शकत नाही. ७ दिवस आणि दोन तासाला पॅड हे वयाचं नाही ताई. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी करा. नुसतं लोह देत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

बी१२ चं सांगायचं तर पुण्यात केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलंय, आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, बी१२ ची कमतरता किती सर्रास आहे हे त्यातून पुढे आलं. कुठल्याही भाजीत बी१२ नसतं, मेथीत नाही, शेवग्यात नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण एवढ्यातच. त्यात तुम्ही दीड वर्ष पॅन घेताय. त्याने पोटातलं ॲसिड कमी होतं, आणि बी१२, लोह, थायरॉईडची गोळी या तिघांनाही शोषून घ्यायला ॲसिडची मदत लागते. ही गोळी अजून लागते का हे डॉक्टरांना विचाराच, एकदम स्वतः बंद करू नका, ॲसिडिटी उसळून येते. हाशिमोटोच्या काही पेशंटमधे शरीर जठरावर पण हल्ला करतं, तेव्हा कितीही खाल्लं तरी बी१२ शोषलं जात नाही आणि इंजेक्शनच लागतं. हाता-पायाला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का हे त्यांना सांगा. आणि बी१२ ची गोळी सुरू करायच्या आधी रक्त द्या, नंतर आकडा वर दिसतो आणि काही कळत नाही.

व्हिटॅमिन डी १४ कमी आहेच. ६०,००० चं सॅशे आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे देतात, मग पुन्हा बघतात. आठवड्यातून एकदा हे मी चार वेळा लिहीन. माझ्याकडे एक आजोबा आले होते, उलट्या, गोंधळलेले, कॅल्शियम खूप वाढलेलं, किडनीवर ताण. चिठ्ठी नीट वाचली गेली नाही आणि ते सॅशे दोन महिने रोज घेत होते. वाचले, पण ॲडमिट राहावं लागलं.

सेलेनियमबद्दल कुणी तरी लिहिलंय. अँटीबॉडीचा आकडा त्याने काही जणांत उतरतो, पण बरं वाटतं याचा भक्कम पुरावा नाही, आणि जास्त झालं तर केसच गळतात. गहू सोडायच्या आधी सिलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं खराब होतं तो आजार) टीटीजी-आयजीए ही टेस्ट करा, हाशिमोटोमधे सिलिॲकचं प्रमाण जास्त असतं आणि त्यात लोह शोषलंच जात नाही. गहू सोडून मग टेस्ट केली तर ती खोटी निगेटिव्ह येते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

लीस्टरकर:
वरच्या सगळ्याला माझं पूर्ण अनुमोदन. इथे इंग्लंडमधे जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर बहुतेकदा टीएसएच वरच थांबतात, फेरिटिन मला मागून घ्यावं लागलं आणि ते ८ आलं. तोपर्यंत मी मनाशी धरून बसले होते की मला टी३ ची (थायरॉईडच्या दुसऱ्या हार्मोनची) गोळीच हवी, रात्र रात्र त्यावर वाचत बसायचे. टीएसएच जागेवर येऊनही साधारण ५ ते १० टक्के लोकांना बरं वाटत नाही असं म्हणतात आणि त्यातल्या काहींना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली टी३ जोडून देतात, ते खोटं नाही. पण टी३ झपाट्याने चढतं नि उतरतं, हृदयावर ताण येऊ शकतो, आणि माझ्या बाबतीत तरी गरज लोहाची होती. आधी हे स्वस्तातलं सगळं तपासून घ्या. झोपेत घोरता का हे पण घरच्यांना विचारा, स्लीप ॲप्नियाने (झोपेत श्वास मधेमधे थांबतो तो आजार) सुद्धा असाच सकाळी उठल्यापासून थकवा असतो.

सह्याद्रीपुत्र:
डॉक्टर मॅडम आणि पालमपूरच्या ताई, थँक्यू. शेवाळाच्या गोळ्या आजच बंद केल्या, आणि मिसेसच्या डब्यांवर काय काय लिहिलंय ते दोघांनी बसून वाचलं, एका गमीमधे बायोटिन निघालं. सोमवारी डॉक्टरांकडे सगळे डबे घेऊनच जातोय.

गोदाकाठ:
अकरा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, परीक्षा होत्या.

कॅप्सूल बंद करून सहाव्या दिवशी परत रक्त दिलं. टीएसएच ६.२, फ्री टी४ ०.९४. म्हणजे जास्त नव्हतीच, कमी पडत होती. ५० वर गेले असते तर काय झालं असतं या विचाराने मला दोन रात्री झोप नाही आली. डॉक्टरांना सगळं सांगितलं, ते दोन मिनिटं रिपोर्टकडे बघत राहिले आणि म्हणाले बरं झालं तुम्ही थांबलात, आता मी पण सगळ्यांना विचारत जाईन. फार बरं वाटलं ते ऐकून. फेरिटिन ७. बी१२ १५८. अँटी-टीपीओ खूप वाढलेला. टीटीजी निगेटिव्ह. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन छोटे फायब्रॉइड (साध्या गाठी) निघाले, पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या दिल्यात, आता ५ दिवस आणि पॅड चार-पाच तासांनी.

डॉक्टर म्हणाले डोस वाढवायच्या आधी वेळ सुधारू. सकाळी चहाआधी तासभर काही मला जमेना, ४:४५ चा गजर दोन आठवडे लावून बघितला, मग त्यांनीच रात्रीचं सुचवलं. आता साडेसातला जेवते, साडेदहाला झोपताना ७५ ची गोळी. बाटली बेडरूमच्या कपाटात. पॅन हळूहळू कमी करत बंद झाली. बी१२ ची आधी इंजेक्शनं, आता गोळी. लोहाची गोळी रोज घेतली की पोट इतकं दुखायचं की सोडूनच देणार होते, तर एक दिवसाआड करायला सांगितली, एका गोळीनंतर शरीर पुढच्या दिवशी लोह कमीच घेतं म्हणे, त्यामुळे नुकसान नाही. दुपारी ४ ला लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा त्यानंतर दीड तासाने. सासूबाईंनी आळीवाचे लाडू केलेत, आमटी लोखंडी कढईत करतात.

आठ आठवड्यांनी, म्हणजे परवा, टीएसएच २.३ आला, त्याच ७५ वर. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन २२. गोळे जवळपास थांबले. केस अजून जातात, पण कपाळाशी बारीक नवे केस दिसायला लागलेत, डॉक्टर म्हणाले केसांना अजून ४-६ महिने द्या. आणि गेल्या बुधवारी सहावी ब ची हजेरी मी पट न उघडता घेतली, ४१ मुलं.

एक विचारायचं राहिलं. पोट साफ व्हायला रात्री झोपताना इसबगोल घेते, थायरॉईडच्या गोळीच्या आधी दहा मिनिटं. चालेल ना?

चिंचगूळ:
४१ मुलं! डोळे भरून आले हो वाचताना.

इसबगोल मात्र तिथून हलवा ताई, तो पण गोळीला धरून ठेवतो. शाळेतून आल्यावर १ वाजता मोठा ग्लास पाण्याबरोबर घ्या, म्हणजे ४ च्या लोहापासून पण लांब राहील. आणि हा बदल डॉक्टरांना सांगा, गोळी आता जास्त शोषली जाईल, दोन महिन्यांनी टीएसएच परत बघायला लागेल.